वाढदिवसानिमित्त एकटीने घाटप्रवास: वरंध, आंबेनळी, पसरणी हा क्रम योग्य आहे का?

प्रश्न – सुमेधा_पुणे
सप्टेंबरच्या अखेरीस माझा पन्नासावा वाढदिवस आहे आणि घरी मेजवानी करण्याऐवजी तो एकटीने गाडी चालवत सह्याद्रीच्या घाटांत घालवावा, असे मी ठरवले आहे. भोरवरून वरंध घाटाने महाडला उतरावे, पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला चढावे आणि मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पसरणी घाटाने वाईमार्गे पुण्यास परतावे, असा बेत आहे. गाडी लहान, पेट्रोलवरची आणि ऑटोमॅटिक आहे. महामार्गावर मी नेहमी चालवते. घाटात मात्र आजवर शेजारी कोणीतरी असायचे. हा क्रम बरोबर आहे का?

उत्तर – घाटमाथा
क्रम उत्तम आहे, फक्त वरंध बदला. निरा देवघर धरणाच्या कडेने जाणारा तो रस्ता अतिशय देखणा असला तरी दरडींमुळे पावसाळ्यात वारंवार बंद ठेवला जातो आणि अरुंद भागात समोरून वाहन आल्यास एकट्या चालकाची बरीच दमछाक होते. त्याऐवजी पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर असे करत माणगावला उतरा आणि तेथून महामार्गाने महाड, पोलादपूर गाठा. मुळशीचा जलाशय त्या सुमारास भरलेला असतो आणि थांबण्यास जागाही मिळते. शनिवार-रविवार मात्र टाळा, कारण धबधब्यांपाशी गाड्यांच्या रांगा लागतात.

तुमच्या दिशेचा आणखी एक लाभ सहसा कोणी सांगत नाही. सकाळी पश्चिमेकडे उतरताना आणि दुपारनंतर पूर्वेकडे चढताना सूर्य बहुतांशी पाठीशी राहतो. सकाळी पूर्वेकडे चढल्यास किंवा दुपारनंतर पश्चिमेकडे उतरल्यास ऊन डोळ्यांवर येते आणि वळणावर क्षणभर समोरचे काही दिसत नाही. पोलादपूर दुपारी दोनच्या आत सोडा. महाबळेश्वरपर्यंतचे अंतर सुमारे ४० किलोमीटर असले तरी कोकणच्या पातळीवरून तुम्ही तेराशे मीटरहून अधिक उंचीवर जाणार आहात, शिवाय वाटेत थांबावेसे वाटेल ते निराळेच.

उत्तर – चौथा_गिअर
गाडी ऑटोमॅटिक असल्याने एक सूचना करतो. उतारावर ती स्वतःहून वरचा गिअर टाकते, मग वेग आवरण्यासाठी ब्रेकवर पाय ठेवून राहावे लागते आणि ब्रेक तापून त्यांची पकड कमी होते. त्यामुळे ताम्हिणीच्या आणि पसरणीच्या उतारावर मॅन्युअल मोड निवडून दुसरा गिअर धरा आणि वेग इंजिनालाच रोखू द्या. न्यूट्रलमध्ये गाडी उतरवून पेट्रोल वाचवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकू नका. चढणाऱ्या वाहनाला प्राधान्य असते, हा नियम अनेकजण पाळत नाहीत. म्हणून आंधळ्या वळणावर हॉर्न द्या आणि आपली डावी बाजू सोडू नका.

उत्तर – वाईकर
वरील दोघांशी सहमत आहे, परंतु महाबळेश्वरच्या बाजारपेठेत वाढदिवसाची संध्याकाळ का घालवावी, हे मला कळत नाही. पाचगणीजवळचे भिलार २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून ओळखले जाते. तेथे घराघरांत पुस्तके मांडलेली आहेत आणि गावात राहण्याजेवणाची सोय होते. एकट्या प्रवाशाला याहून चांगली सोबत कोणती? आंबेनळीत वाडा कुंभरोशीपाशी प्रतापगडाचा फाटा लागतो; वेळ हाताशी असेल तरच वळा, कारण गड घाईत पाहण्यासारखा नाही.

प्रश्नकर्ती – सुमेधा_पुणे
मनःपूर्वक आभार. ताम्हिणी आणि भिलार निश्चित केले. आंबेनळीच्या वरच्या टप्प्यात दाट धुके लागल्यास पुढे जावे की थांबावे?

उत्तर – घाटमाथा
वळणावर किंवा दरडीखाली थांबू नका. लो बीम लावून सावकाश पुढची मोकळी जागा गाठा आणि तेथे रस्त्यापासून पूर्ण बाजूला होऊन थांबा. धुक्यात चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावण्याची सवय अनेकांना आहे. त्यामुळे तुम्ही कोणत्या बाजूला वळणार आहात, हे मागच्याला समजत नाही. निघण्याच्या सकाळी आंबेनळी सुरू असल्याची खात्री अवश्य करा. जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत त्या रस्त्याची मोठी हानी झाली होती आणि जोराच्या पावसानंतर तो आजही बंद होऊ शकतो. ताम्हिणीत मोबाईलला रेंज मिळेलच असे नाही. त्यामुळे घरच्यांना पौडहून एक आणि माणगावहून एक, असे दोन फोन करा.