संध्याकाळचे टेक मीटअप: जाऊन खरंच काही होतं का? (इंदूर)

रामबागचा_टेस्टर

नमस्कार मंडळी, इंदूरमधल्या आयटीवाल्यांना विचारायचंय. मराठीतच विचारतो, कारण इंग्रजीत विचारलं की सगळे लिंक्डइनवर असल्यासारखं बोलायला लागतात.

मी चार वर्षं टेस्टिंगमध्ये आहे, ऑटोमेशन वगैरे. ऑफिस सुपर कॉरिडॉरला, घर रामबागेत. आजवर ऑफिस, घर आणि अधूनमधून सानंदचं नाटक एवढंच, तर टीममधला एकजण म्हणाला की बाहेरच्या लोकांना भेटत जा, मीटअपला जा, नाहीतर चार वर्षांनीपण इथंच बसशील. म्हणून मागच्या गुरुवारी विजयनगरमध्ये एका कोवर्किंगच्या हॉलमध्ये गेलो. साडेसहाची वेळ होती, सुरू झालं सात वीसला. दारात एका मुलाने मार्करने नावाचा स्टिकर करून दिला, त्यात आडनाव चुकवलं, आणि मी काही बोललो नाही आणि मग पूर्ण दोन तास चुकीच्या आडनावानं फिरलो. पहिलं लेक्चर क्लाउडचं बिल कसं कमी करायचं यावर होतं, पहिली दहा मिनिटं चांगली, नंतर कळलं की त्या माणसाची कंपनी नेमकं तेच सॉफ्टवेअर विकते.

मग "नेटवर्किंग ब्रेक". सगळे आधीच तिघातिघांचे गोल करून उभे, प्रत्येकाची पाठ बाहेर. मी समोशांच्या ट्रेजवळ उभा राहून फोनमध्ये हवामान बघत बसलो, इंदूरचं बघून झालं मग पुण्याचंपण बघितलं. आठ दहाला निघालो. घरी आईनं विचारलं जेवलास का, म्हटलं दोन समोसे खाल्ले, तर म्हणे "एवढ्यासाठी विजयनगरला गेलास?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तर प्रश्न असा की हे असंच असतं का, की मलाच जमत नाही? आणि अनोळखी माणसाशी पहिलं वाक्य काय बोलता तुम्ही लोक?

खंडवारोड_कोडर

भिया तुला जमत नाही असं काही नाही, ते असंच असतं. मी दीडेक वर्ष नेमानं जात होतो, आता निवडून जातो. एक साधी खूण सांगतो, अजेंडा आला की बोलणाऱ्याची कंपनी बघायची आणि विषय बघायचा, दोन्ही एकच असेल तर घरी बसून पोहे खा. आणि विषयात "भविष्य" किंवा "क्रांती" असा शब्द असेल तर बघायचीपण गरज नाही. याउलट कोणी लिहिलं असेल की "आमचा डेटाबेस चार तास बंद पडला, का पडला ते सांगतो" तर पाऊस असला तरी जा. माणूस स्वतःची फजिती सांगायला उभा राहतो तेव्हा विकायला काही नसतं त्याच्याकडे.

दुसरं म्हणजे वेळेचं गणित. तुझा क्लायंट अमेरिकेत पूर्वेकडचा आहे का? आमचा आहे. त्यांची सकाळी ९ ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्या साडेसहाला येते, ती उरकून पावणेसातला निघता येतं. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते लोक घड्याळ एक तास मागे घेतात आणि तीच मीटिंग साडेसातला येते, म्हणजे बरोब्बर लेक्चरच्या मध्ये. मागच्या हिवाळ्यात मी तीन वेळा जिन्यात उभा राहून स्टँडअप (टीमची ती रोजची छोटी मीटिंग) दिला, तो मात्र खरा स्टँडअप. मागे कोणीतरी माईक टेस्टिंग करतंय आणि क्लायंट विचारतोय आर यू इन अ वेडिंग.

सुपर कॉरिडॉरवरून विजयनगरला एमआर-१० रस्त्यानं यायचं त्या वेळेला, ते तर विचारूच नको. मेट्रो ३१ मे २०२५ ला सुरू झाली खरी पण तो पहिला तुकडा गांधीनगर स्टेशनपासून सुपर कॉरिडॉरच्या तीन नंबरपर्यंत, सहा किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कॉरिडॉरवरून कॉरिडॉरवरच.

टाय_कटलेट

समोसे कुठले होते? हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

जुना_संयोजक

अरे बाळा, मी या भानगडीत पंचवीस वर्षं आहे, त्यामुळे ट्रेच्या पलीकडच्या बाजूनं सांगतो.

आधी हे लक्षात घे की तुला जे गोल दिसले त्यातले अर्धे लोक एकाच ऑफिसचे असतात. एकत्र येतात, एकत्र उभे राहतात, एकाच गाडीतून परत जातात. त्यांचंपण नेटवर्किंग काही होत नाही, फक्त ते तुझ्याइतके एकटे दिसत नाहीत.

आमच्या बाजूची परिस्थिती सांगू? ऐंशी नावं नोंदवली जातात, निम्मेपण येत नाहीत, त्यामुळे नाश्ता किती सांगायचा हा जुगार असतो. हॉल कोणीतरी फुकट देतं म्हणून मिळतो, आणि जो फुकट देतो त्याला पंधरा मिनिटं बोलायचं असतं, तुझं क्लाउडचं बिल त्यातूनच आलं. मी समर्थन करत नाही, कारण सांगतोय. आणि सात वीसला सुरू झालं कारण सात वाजता खोलीत नऊ माणसं होती आणि बोलणारा म्हणाला अजून जरा थांबू. वेळेवर आलेल्यांना शिक्षा आणि उशिरा आलेल्यांना सोय, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे, लग्नापासून सगळीकडे.

पण याच वेळेचा उपयोग कर. साडेसहाची वेळ असेल तर सव्वासहाला जा. तेव्हा गोल झालेले नसतात, चारपाच लोक खुर्च्या लावत असतात, प्रोजेक्टर चालत नसतो. एक खुर्ची उचल. "पहिलं वाक्य काय" हा प्रश्नच उरत नाही, "ही कुठे ठेवू?" हेच पहिलं वाक्य.

आमच्या वेळी कम्प्यूटर सोसायटी ऑफ इंडियाची व्याख्यानं असायची (ती संस्था १९६५ ची, तुझे वडीलपण शाळेत असतील तेव्हा), एसजीएसआयटीएससारख्या कॉलेजांच्या हॉलमध्ये, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, मग एक तास भाषण. नंतर लिनक्सवाल्या पोरांचा जमाना आला, एकमेकांना सीड्या कॉपी करून द्यायच्या कारण एवढं डाउनलोड करायला रात्र पुरायची नाही. ओळखी सीडीमुळे झाल्या, भाषणांमुळे नाही. सीडी घेतली की परत करायला तरी जावं लागायचं.

कॅलिफोर्नियात मार्च १९७५ मध्ये होमब्रू कम्प्यूटर क्लब सुरू झाला, पहिली मीटिंग मेन्लो पार्कमध्ये एकाच्या गॅरेजमध्ये. स्टीव वोझनियाक तिथे जायचा, आणि तो महालाजाळू, उठून बोलणं त्याच्याच्यानं होत नसे. पण त्यानं जे सर्किट बनवलं होतं त्याचे नकाशे तो तिथे फुकट वाटायचा, टेबलावर मशीन मांडून बसायचा, लोक आपोआप भोवती जमायचे. तेच मशीन पुढे ॲपल-१. तुला ॲपल काढायला सांगत नाही मी, पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस एवढं सांगतो. एखादा अडलेला प्रश्न घेऊन जा, नाहीतर तुझ्या कामातली एखादी गंमत.

सुदामानगरची

काकांचं खुर्चीचं पटलं, पण मुलींनी खुर्ची उचलली की लोक तिला आयोजकच समजतात आणि वॉशरूम कुठे आहे ते विचारतात, हा स्वानुभव. शिवाय "आप एचआर में हो?" हा प्रश्न मला तीन कार्यक्रमांत मिळून पाच वेळा आला. बॅकएंड लिहिते हो मी. चाळीस माणसांत चार बायका, त्यातली एक खरंच एचआर, ती बिचारी कोपऱ्यात बसलेली असते कारण तिला सगळे रेझ्युमे देतात.

आणि साडेआठ-नऊला संपतं म्हणजे मला पावणेदहा होतात घरी, रोजचं असेल तर ठीक पण मुलगी तीन वर्षांची आहे. शनिवारी सकाळचे कार्यक्रम असतील तिथे मी जाते. आयोजक वाचत असतील तर कृपया लक्षात घ्या, संध्याकाळ सगळ्यांची मोकळी नसते.

तरीपण टेस्टरभाऊ, जाणं सोडू नका असंच म्हणेन, कारण माझी आताची नोकरी तिथूनच आली आणि ती अशी आली की तेव्हा कळलंच नाही. एकीशी दोनदा बोलले असेन, दोन्ही वेळा दहा मिनिटं, तेपण पोस्टग्रे डेटाबेसच्या इंडेक्सबद्दल आणि नंतर सासूबद्दल. दीड वर्षानं तिचा मेसेज, आमच्याकडे जागा आहे, तू इंडेक्सवाली ना? जवळच्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं मी, पण त्यांना जे माहीत ते मलाही माहीत असायचं, सगळ्या एकाच कंपनीतल्या. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञानं हे १९७३ मध्येच मांडलंय, की जुजबी ओळखीचे लोक वेगळ्या वर्तुळातले असतात म्हणून नवी बातमी त्यांच्याकडून येते. २०२२ मध्ये लिंक्डइनवरच्या दोन कोटी लोकांवर याचा अभ्यास झाला, त्यातही साधारण तेच निघालं, फक्त एवढी भर की अगदीच नावापुरती ओळख फारशी उपयोगाची नाही, थोडीफार तरी हवी. म्हणजे क्यूआर स्कॅन करून पन्नास जणांना जोडून घेतलं तर ते काही नाही, दोनदा भेटलेली एक बाई बरी.

म्हणून एकच सल्ला, दर वेळी नवीन ग्रुप शोधू नका, त्याच एका ठिकाणी तीनचार वेळा जा. तिसऱ्या वेळी लोक स्वतःहून मान हलवतात.

खंडवारोड_कोडर

ताईंचं बरोबर आहे, मी हे मान्य करतो पण अनिच्छेनं. मीपण ज्या दोघांना ओळखतो ते तिथलेच. पण ते भेटले सराफ्यात, कार्यक्रम संपल्यावर. आपल्याकडे खरा सेशन नऊनंतर सुरू होतो, सोन्याची दुकानं बंद झाली की. भुट्ट्याचा कीस हातात असला की माणूस पगारसुद्धा खरा सांगतो.

रामबागचा_टेस्टर

तीन आठवडे झाले, अपडेट देतो. काल परत गेलो, त्याच ग्रुपला, यावेळी सहा वीसला पोचलो. ऑफिसमधून लवकर निघालो, मॅनेजरला म्हटलं दातांचा डॉक्टर.

खुर्च्या आधीच लावलेल्या होत्या, काका. तेवढ्यात बघतो तर बोलणारा घामाघूम, त्याचा लॅपटॉप नवाकोरा, नुसते टाइप-सीचे पोर्ट, आणि प्रोजेक्टरची वायर एचडीएमआयची. सगळे एकमेकांना विचारतायत. माझ्या बॅगेत ॲडॅप्टर असतो कायम, कारण आमच्या ऑफिसच्या मीटिंग रूममध्येपण हेच रडगाणं आहे. दिला काढून. पुढचे दोन तास मी "ॲडॅप्टरवाला". कोणी नाव विचारलं नाही पण सगळे येऊन बोलले, आणि स्टिकरवर आडनाव यावेळी मी स्वतः लिहिलं.

मग ब्रेकमध्ये त्या बोलणाऱ्यानंच विचारलं काय काम करतोस, तर मी आमच्या टेस्टची गोष्ट सांगितली. आमची एक टेस्ट रोज रात्री दीडच्या रनमध्ये फेल व्हायची आणि सकाळी मी परत चालवली की पास. दोन महिने आम्ही तिला भुताटकी म्हणायचो, रिपोर्टमध्ये मीच "नेहमीचं" असं लिहून द्यायचो. शेवटी कळलं की टेस्ट भारतातली तारीख धरत होती आणि सर्व्हर यूटीसीतली, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतली, आणि आपल्याकडे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात यूटीसीमध्ये अजून कालचीच तारीख असते. म्हणजे भूत बरोब्बर साडेपाच तासच असायचं आणि आम्ही दिवसा शोधत होतो. हे सांगितलं तर चारजण जमले, त्यातल्या एकीकडे हाच प्रकार बिलिंगमध्ये झालेला, महिन्याच्या एक तारखेला पहाटेची बिलं मागच्या महिन्यात पडायची. आता म्हणतायत पुढच्या वेळी पाच मिनिटं यावरच बोल. मी हो म्हणून बसलोय आणि रात्री झोप आली नाही.

जुना_संयोजक

वा रे! पाच मिनिटांसाठी स्लाइड कमी ठेव. इग्नाइट नावाचा एक प्रकार असतो, २० स्लाइड, प्रत्येक १५ सेकंदांनी आपोआप पुढे सरकते, बरोब्बर पाच मिनिटं. पहिल्यांदाच बोलणाऱ्यानं तो करू नये, स्लाइड पुढे आणि आपण मागे अशी वरात निघते. तू तीनच कर. एका स्लाइडवर नुसतं घड्याळ काढ, भारतातलं आणि यूटीसीतलं शेजारी शेजारी. आणि "नेहमीचं" लिहून द्यायचास ते आधी सांग, लोक तिथेच हसतील आणि मग तुझे हात कापायचे थांबतील.

सुदामानगरची

शनिवारी सकाळी ठेवा ना हे, मी येईन ऐकायला. आणि दातांच्या डॉक्टरचं कारण दुसऱ्यांदा चालत नाही, मी वापरून बघितलंय.

टाय_कटलेट

ॲडॅप्टर परत मिळाला का?

रामबागचा_टेस्टर

नाही ना! त्याच्याच लॅपटॉपला राहिला. आज मेसेज केला तर म्हणाला सॉरी सॉरी, रविवारी छप्पन दुकानवर भेट, देतो, आणि आमच्याकडे तुमच्यासारखा टेस्टिंगचा एकजण हवाय त्याबद्दलपण बोलू. मी आधी ॲडॅप्टर घेणार.