मदत हवी आहे : आयआयटी खरगपूरची परिषद, प्रवास आणि मुक्काम

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आयआयटी खरगपूरला पोस्टर मांडायचंय. मुंबईहून गीतांजली एक्सप्रेस थेट जाते, पण एका दिवसाहून जास्त वेळ घेते. विमानानं कोलकाता गाठलं तर हावड्याहून पुढे साधारण ११५ किलोमीटर लोकल. लोकलला आरक्षण नसतं आणि गर्दीत पोस्टर गुंडाळून ठेवलेली नळी चेपली की ए-झीरो कागदावर (८४१ × ११८९ मिमी) पडलेली मोड बोर्डावर टाचूनही जात नाही. म्हणून पोस्टर कापडावर छापणार आहे. बारीक अक्षरं फुटू नयेत म्हणून मजकूर किमान २४ पॉइंट.

विमान संध्याकाळी सातला उतरलं तर हावडा गाठावं की त्याच मार्गावरचं सांत्रागाछी स्टेशन? कॅम्पसचं अतिथिगृह भरलेलं असेल तर कॅम्पसजवळच्या पुरी गेट भागात राहावं की स्टेशनपाशी? रात्री अकरानंतर स्टेशनबाहेर टोटो (ई-रिक्षा) मिळतात का, हे कृपया नक्की सांगा.