खर्चापेक्षा मोठ्या गिऱ्हाइकाचा आग्रह महत्त्वाचा

'ब्लॉकचेन महाग, म्हणून पुण्यातले लघुउद्योजक पुरवठा साखळीत ती वापरत नाहीत' हे म्हणणं अर्धंच पटलं. (ब्लॉकचेन म्हणजे साखळीतल्या सगळ्यांची सामायिक डिजिटल वही; एकदा केलेली नोंद मागाहून गुपचूप खोडता येत नाही.) भोसरीत आमचं छोटं मशीनिंगचं युनिट आहे. ई-इन्व्हॉइसलाही, म्हणजे जीएसटीचं बिल सरकारी पोर्टलवर नोंदवण्यालाही, सगळ्यांनी नाकं मुरडली होती. पण १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवरच्या उलाढालीला ते सक्तीचं झालं आणि महिन्याभरात आमचा अकाउंटंट त्यात तरबेज!

वॉलमार्टचंच बघा. चाचणीत आंब्याच्या फोडी कुठल्या बागेतून आल्या हे शोधायला आधी जवळपास ७ दिवस लागले, ब्लॉकचेनवर २.२ सेकंद. तरी पालेभाज्यांचे पुरवठादार आले ते २०१८ मध्ये कंपनीने तसं फर्मान काढल्यावरच.

उलट उदाहरण ट्रेडलेन्सचं, म्हणजे जहाजी मालवाहतुकीसाठीच्या ब्लॉकचेनचं. ती उभारणारे मर्स्क (जहाज कंपनी) आणि आयबीएम (संगणक कंपनी) दोघंही तालेवार, तरी नोव्हेंबर २०२२ मध्ये ती बंद करत असल्याचं जाहीर करावं लागलं, कारण सगळ्या उद्योगाची साथ मिळाली नाही. प्रतिस्पर्ध्याच्या अंगणात आपली वही कोण उघडी ठेवणार? म्हणून नियम कोण ठरवणार आणि कुणाला काय दिसणार, हे आधी मिटवायला हवं.

आणखी एक. आमच्याकडे फोर्जिंगचा (ठोकून घडवलेल्या भागाचा) हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतातला ते सांगणारा क्रमांक, अजून मालासोबतच्या चलनावर पेनाने लिहिला जातो. ३ चा ८ वाचला गेला, तर ब्लॉकचेन ती चूकच इमानेइतबारे कायमची जपून ठेवेल. आधी बारकोड, मग बाकीचं. आणि चाकणच्या बड्या कंपन्यांना हे हवंच असेल, तर माहिती भरणाऱ्या पोराचा पगार भावात धरा की राव!