इंजिन काम करून आणलं, तरी ठोका : मॅसी १०३५

बांधावरचा (वाळवा):
मंडळी, आमचा मॅसी १०३५ ट्रॅक्टर, १९८८ चा. आबांनी घेतलेला, त्यामुळे विकायचं नाव काढायची सोय नाही. मार्चमध्ये फुल इंजिन काम केलं. लायनर-पिस्टन नवे, क्रँक दहा थाव (थाव म्हणजे इंचाचा हजारावा भाग) घासली, बेअरिंगं त्याच साइजची. पंचवीस तासही चालला नाही आणि ठोका लागला. सकाळी थंड असताना काहीच नाही. अर्धा तास रोटाव्हेटर मारला, की रेस सोडताना खालून ठक-ठक. धूर नाही. ऑईल प्रेशरचा काटा गरम झाल्यावर खाली येतो, पण तळाला जात नाही. मिस्त्री म्हणतो, नवं इंजिन आहे, बसेल. नांगरट तोंडावर आहे. आधी काय बघू?

ऊस_लागण:
टॅपेट (व्हॉल्व्हची फट) बघा, थंड इंजिनावर १२ थाव.

बांधावरचा:
टॅपेट लावून झाले. तो आवाज वरचा, टिकटिक. हा जड आहे.

जुना_फिटर:
पाव्हणं, पहिलं म्हणजे नांगरट विसरा. इंजिन बसताना ठोकत नसतं. पिस्टन ढिला असेल तर थंडीत वाजतो आणि गरम झाला की गप्प होतो. तुमचं उलटं आहे.

तरी चेंबर (इंजिनाखालची ऑईलची टाकी) उघडायच्या आधी फुकटचं काम करा. गरम इंजिन स्लोला ठेवा आणि नोझलच्या नळीचा नट एकेक करून ढिला करा. (फवाऱ्यात बोट घालू नका, डिझेल कातडीत घुसतं.) ज्या शिलिंडरला ठोका मंदावेल, तिथं दुखणं. मग त्याचं नोझल शेजारच्याशी बदला. ठोका नोझलबरोबर गेला तर स्वस्तात सुटलात. जागेवरच राहिला तर कनेक्टिंग रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा) बेअरिंग नाहीतर पिस्टनची पिन. एकाही नळीला फरक पडला नाही, तर मेन बेअरिंग, फ्लायव्हील, टायमिंग गिअर बघायचे.

मोठा स्क्रू ड्रायव्हर ब्लॉकला टेकवून मूठ कानाला लावा. माझा डावा कान गेलाय, तरी एवढं कळतं.

बांधावरचा:
केलं. दोन नंबरची नळी सोडली की निम्मा आवाज कमी. नोझल तीनशी बदललं, ठोका दोनवरच.

जुना_फिटर:
मग चेंबर काढा. कॅप (रॉडचं क्रँकवर बसणारं खालचं अर्धं तोंड) खोलण्याआधी रॉडवरचे आणि कॅपवरचे नंबर वाचा. दोन्ही सारखे, एकाच बाजूला हवेत. कॅप रॉडला बसवूनच भोक मारलेलं असतं. दुसऱ्याची कॅप लागली, की भोक गोल राहत नाही.

ऊस_लागण:
एवढी चूक कोण करतं?

जुना_फिटर:
तीन रॉड एकाच घमेल्यात धुतले की होते. मी स्वतः एकदा केलीय, मालकाला आजही माहीत नाही.

बांधावरचा:
काल काढलं. दोनच्या रॉडला एकची कॅप, एकला दोनची! दोनचं बेअरिंग जोडाजवळ एका अंगाला घासून तांबूस झालंय. एकचं जरा बरं. नुसत्या कॅपा अदलाबदल करून जमेल का?

जुना_फिटर:
तेवढ्यावर भागत नाही. आधी क्रँकचा जर्नल (बेअरिंग बसतं तो गोल भाग) मायक्रोमीटरनं दोन बाजूंनी मापा. गोल असला तर दहा थावचीच नवी बेअरिंगं चालतील, नाहीतर क्रँक वीस थावला घासावी लागेल. दोन्ही रॉड आपापल्या कॅपांसह टाइट करून भोक तपासून घ्या. ऑईल, फिल्टर बदला. आणि ऑईलपंपाच्या जाळीत बेअरिंगचा चुरा असेल, ती धुवा. लोक तीच विसरतात.

बांधावरचा:
जाळी चमचमतेय. उद्या क्रँक घेऊन इस्लामपूरला जातो. आबांना अजून सांगितलं नाही.