4 वर्षं वापरलेले लेदर बूट : मुरलेत की मरायला लागलेत?

वाटसरू
मंडळी, एक शंका. चामड्याचे ब्राउन बूट आहेत, घोट्याच्या वरपर्यंतचे, 4 वर्षं झाली, आठवड्यातले 5 दिवस तरी पायात असतात. काळजी म्हणाल तर वर्षातनं एकदा-दोनदा क्रीम, बाकी शून्य. आता बोटं वाकतात तिथे आडव्या सुरकुत्या पडल्यात, पुढचा भाग काळपट झालाय. मला खरं तर नव्यापेक्षा आता जास्त आवडतात, पण हे मुरणं आहे की मरणं तेच कळेना.

सैल_नाडी
सुरकुत्या पडणारच, रोज हजारो वेळा एकाच जागी वाकतं ते. सुरकुती आणि भेग यातला फरक बघ. बूट हातात घेऊन सुरकुती हलकेच ताणून उघड, आत वरचा थर सलग असेल तर निवांत राहा. आत फिकट, केसाळ धागे दिसले तर वरचा थर फाटलाय आणि फाटलेलं चामडं परत जुळत नाही, कितीही तेल पाजलं तरी. काळपटपणाचं म्हणशील तर ऊन, हाताचं तेल, क्रीम यानं चामडं गडद होतंच, झाडाच्या सालीत कमावलेलं तर फारच.

जुनाजोड
+1. फक्त एक, हे सगळं फुल ग्रेन चामड्याचं, म्हणजे ज्याचा वरचा मूळ थर न घासता तसाच ठेवलेला असतो. वरून घासून प्लास्टिकसारखा थर दिलेलं असेल तर ते मुरत नाही, त्याचे पापुद्रे निघतात, आणि त्यात क्रीम धड शिरतही नाही.
आणि क्रीमपेक्षा ब्रश महत्त्वाचा!! सुरकुतीत बारीक धूळ अडकते आणि प्रत्येक पावलाला सँडपेपरसारखी घासते. घरी आल्यावर अर्धा मिनिट कोरडा ब्रश मारायचा, बस. दुसरं म्हणजे रोज तेच बूट घालू नकोस, घाम आत मुरलेला असतो, तो वाळायला एक दिवस तरी दे.

वाटसरू
बघितलं आत्ताच. उजव्यात ठीक आहे, डाव्यात करंगळीच्या बाजूला दोन बारीक रेघा फिकट दिसतायत :( हा डावा मागच्या वर्षी पूर्ण भिजला होता, घाईत हीटरसमोर ठेवलेला.

सैल_नाडी
मग तिथेच घात झाला बघ. ओलं चामडं जोरात तापलं की आतले तंतू आकसतात, सुकल्यावर कडक होतं आणि मग वाकताना तडकतं. माझा एक जोड असाच गेला, अजून वाईट वाटतं. भिजले तर आत कागद कोंबायचा, ओला झाला की बदलायचा आणि सावलीत वाऱ्याला ठेवायचे, दोन दिवस लागले तरी लागू देत. तुझ्या रेघांवर आता चामड्याचं कंडिशनर पातळसं बोटानं चोळ, रात्रभर ठेव, जास्तीचं पुसून टाक. त्या जाणार नाहीत पण पुढे सरकायचा वेग कमी होईल. थापू नकोस मात्र, फार तेलानं चामडं लुळं पडतं.

जुनाजोड
आणि टाचा बघितल्यास का? बाहेरच्या बाजूनं झिजल्या असतील तर आधी मोच्याकडे जा, तिरक्या टाचेमुळे पाय वाकडा पडतो आणि सगळा ताण करंगळीच्याच बाजूला येतो.

वाटसरू
डावी टाच बरीच झिजलीय खरं. शनिवारी टाकतो दुरुस्तीला, ब्रश मात्र आजच शोधतो.