मदत हवी आहे: दुसरी बाजू उचलली की पहिल्या बाजूचा स्टँड तिरका होतोय

उचापती
गाडीची पुढची बाजू वर घेतोय. डावीकडे जॅक लावला, उचलली, स्टँड (उचललेली गाडी टेकवून ठेवायचा लोखंडी टेकू) लावला, छान बसला. मग उजवीकडे जॅक लावून उचलायला घेतलं की डावा स्टँड तिरका व्हायला लागतो, पाय जमिनीवरून सुटतात. खाली उतरवून परत केलं, परत तेच. स्टँड नवे आहेत, हँडब्रेक ओढलेला आहे. काय चुकतंय? गाडी आत्ता अर्धवट उभी आहे, जरा पटकन सांगा. 'गॅरेजला ने' हे कृपया नको.

निवांत
गॅरेजला ने.

बाराचा_पाना
आधी एक काम कर. गाडी पूर्ण खाली उतरव, चारही चाकं जमिनीवर. तिरक्या स्टँडवर गाडी ठेवून इथे टंकत बसायचं नाही. खाली शिरणं सोडच, हातसुद्धा घालू नकोस.
मग सांग: जॅक कुठला? गाडीबरोबर मिळतो तो कात्रीचा, बाटलीसारखा उभा, की चाकांचा ट्रॉली? स्टँड गाडीला नेमका कुठे टेकवलास? जमीन कसली आहे? गाडी कुठली? आणि खाली करायचंय काय? यातलं काहीच लिहिलेलं नाहीस.

उचापती
उतरवली. ट्रॉली जॅक, दोन टनी. स्टँडची जोडीही दोन टनी. हॅचबॅक आहे, वजन हजार किलोच्या आत. स्टँड बरोबर ठिकाणीच लावलाय. काम किरकोळ आहे, त्याचा इथे काही संबंध नाही.

सुमेधा_क
एक महत्त्वाचं सांगते, सगळे विसरतात. चाक काढायचं असेल तर नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करून घ्यायचे, मग जॅक. हवेत चाक असताना जोर लावला की चाकच फिरतं किंवा गाडी जॅकवरून हलते. आणि शेवटचं आवळणंही गाडी खाली टेकवल्यावर, समोरासमोरचे नट आलटून पालटून. स्टेपनीतली हवा महिन्यातून एकदा बघा, ऐन वेळी तीच बसलेली निघते.

उचापती
ताई, चाक काढायचं नाहीये.

तेलकट
म्हणजे ऑइल बदलताय. मग स्टँडच्या फंदात पडता कशाला? रॅम्प घ्या. दोन रॅम्प पुढच्या चाकांसमोर ठेवायचे, पहिल्या गिअरमध्ये अलगद चढवायची, हँडब्रेक, मागच्या चाकांना ठोकळे, झालं. जॅक नाही, स्टँड नाही, काही तिरकं होत नाही. मी कायम असंच करतो. ऑइल कुठलं टाकताय? लोक उगाच जाड ऑइल टाकतात, पुस्तकात जे लिहिलंय तेच घाला.

उचापती
ऑइल बदलत नाहीये.

बाराचा_पाना
@तेलकट, रॅम्प चांगला, पण गुळगुळीत फरशीवर तो चाकापुढे सरकत जातो. खाली रबरी मॅट लागते. गाडी बुटकी असेल तर चाक चढण्याआधी बंपरच रॅम्पला टेकतो. आणि चढवताना बाहेर उभं राहून सांगणारा माणूस हवा, नाहीतर थांबायचं कुठे ते आतून दिसत नाही आणि गाडी पलीकडे उतरते.

तेलकट
बाहेर बायको असते.

धोंडू_धक्के
तुम्ही लोक फार अवघड करून ठेवता. सिमेंटचे ब्लॉक घ्या, एकावर एक दोन, वर लाकडाची फळी. इतकी वर्षं याच्यावर गाड्या ठेवल्या, कधी काही झालं नाही. स्टँड म्हणजे पैसे घालवायचे धंदे.

बाराचा_पाना
हे वाचून कुणी करू नका. पोकळ सिमेंटचा ब्लॉक भिंतीत चालतो, कारण तिथे वजन सगळीकडून सारखं पडतं. गाडीचं वजन एका टोकावर येतं आणि तो ब्लॉक न सांगता फुटतो. आधी वाकत नाही, कुरकुरत नाही, एकदम भुगा. विटांचंही तेच.

धोंडू_धक्के
माझा नाही फुटला.

बाराचा_पाना
अजून.

गंजका_नट
लाकूड मात्र चालतं बरं का, दोघांच्या मध्ये पडतो. जाड चौकोनी ओंडके, एक थर उभा एक थर आडवा, खाट रचतात तसं, उंचीपेक्षा बैठक रुंद. अपघातात गाड्या उचलणारे बचाव पथकाचे लोकही असेच ओंडके रचतात. लाकूड दबायला लागलं की कुरकुरतं, माणसाला बाहेर पडायला वेळ मिळतो. फक्त तुटकी फळी, चिरलेला तुकडा नको.

बाकी स्टँड घेताना रॅचेटवाले (दातेरी खांब खटक्यावर अडकतो ते) घेऊ नका, आरपार खिळीवाले घ्या. २०२० मध्ये अमेरिकेत तीन टनी आणि सहा टनी रॅचेट स्टँड मोठ्या संख्येने परत मागवले होते. आतला खटका दातात पुरता बसत नव्हता आणि खांब सरकन खाली यायचा. त्यांच्या बदल्यात दिलेल्यांतलेही काही वेल्डिंगच्या दोषामुळे पुन्हा परत मागवावे लागले.

तेलकट
चांगल्या रॅचेटलासुद्धा वेगळी सुरक्षा खिळी येते. सरसकट वाईट म्हणू नका.

गंजका_नट
तीच खिळी लोक लावत नाहीत, हेच तर म्हणतोय.

उचापती
मंडळी, माझे रॅचेटवाले आहेत, खटका पूर्ण बसलाय, खिळी पण लावली आहे. खांब खाली येत नाहीये, आख्खा स्टँड तिरका होतोय. कुणी मूळ प्रश्न वाचणार का?

निवांत
हँडब्रेक लावलाय ना? गिअरमध्ये पण टाक, मग हलणार नाही.

गंजका_नट
पुढची चाकं हवेत आणि गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, मग गिअर काय धरणार? एकच चाक वर असलं तरी डिफरन्शियलमुळे (दोन्ही चाकांना वेगवेगळं फिरू देणारे गिअर) जमिनीवरचं फिरू शकतं. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर लागतो, म्हणून पुढची बाजू उचलताना तो उपयोगी आहे. मागची उचलली की तो निरुपयोगी. ठोकळे दोन्ही वेळा हवेतच, जी चाकं जमिनीवर राहणार त्यांना, पुढून आणि मागून.

अनुजा_वि
उशिरा आले. उचापती, दोनच प्रश्न.
१. डाव्या स्टँडचे कुठले पाय सुटतात, गाडीच्या आतल्या बाजूचे की बाहेरचे?
२. जॅक कशावर उभा आहे? बाराचा पाना यांनी जमिनीचं विचारलं होतं, उत्तर दिसलं नाही.

उचापती
बाहेरचे सुटतात. जमीन पक्की आहे, पेव्हर ब्लॉक, जाड आहेत, हलत नाहीत.

अनुजा_वि
मग सापडलं. स्टँड ठीक आहे, गाडी आडवी ओढली जातेय.

ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही. तो मागे, दांड्याच्या बाजूला, खिळीभोवती फिरतो, त्यामुळे वर जाता जाता त्याची वाटी (जिच्यावर गाडी टेकते ती) थोडी दांड्याकडेही येते. जॅकला चाकं दिलीत ती फक्त इकडून तिकडे न्यायला नाहीत. उचलताना जॅकने स्वतः गाडीखाली पुढे सरकत जायचं असतं, म्हणजे वाटी गाडीच्या त्याच बिंदूखाली राहते. तुझ्या जॅकची लोखंडी चाकं लहान असणार. ती दोन पेव्हरच्या फटीत अडकली की जॅक जागच्या जागी राहतो, वाटी मात्र दांड्याकडे येते आणि सोबत गाडीला घेऊन येते. तू उजवीकडून उचलतोयस, म्हणजे गाडी उजवीकडे. डाव्या स्टँडचं डोकं गाडीबरोबर गेलं, पाय होते तिथेच. म्हणून बाहेरचे सुटले. आतले सुटले असते तर वेगळा विचार केला असता.

बघायचं असेल तर जॅकच्या पुढच्या चाकापाशी खडूने रेघ मार आणि दांडा मारत जा. चाक रेघेवरून हललंच नाही तर हेच कारण.

बाराचा_पाना
अगदी बरोबर. मी जमीन विचारली ती याचसाठी. "पक्की" म्हणजे "सपाट" नव्हे.
आणखी एक कारण यात मिसळलेलं असणार. पहिली बाजू एकदम पूर्ण उंचीला नेलीस का? मग गाडी आधी एका अंगावर कललेली असते आणि दुसरी बाजू उचलली की परत सरळ होते. स्टँडच्या डोक्यावर तेवढी वळते. म्हणून टप्प्याटप्प्याने: दोन्ही बाजूंना सगळ्यात खालच्या खाचेवर स्टँड, मग डावीकडे दोन खाचा, उजवीकडे दोन खाचा. वेळ लागतो, लागू दे.

उचापती
हो, पूर्ण उंचीला नेली होती. मग आता जमिनीचं काय करू? पेव्हर उखडू का?

अनुजा_वि
जॅकखाली १८ मिमी जाडीचा प्लाय टाक, जॅकपेक्षा हातभर लांब, म्हणजे पुढे सरकायला जागा राहील. फटीवर फळीचा जोड येऊ देऊ नकोस, एकच सलग तुकडा. स्टँडखालीही प्रत्येकी वेगळा तुकडा, पायांपेक्षा सगळीकडून रुंद, कारण स्टँडचे पाय चार बारीक टोकांवर वजन टाकतात आणि नेमका एखादा पाय फटीवर आला की ब्लॉकची कड खचते. उन्हात मऊ झालेल्या डांबरावरही हेच.
अंगणाला पाणी जायला उतार असेल तर तोही बघ. उतारावर हे काम करायचंच नाही.

उचापती
उतार आहे थोडा, फाटकाकडे. भिंतीजवळ सपाट आहे.

बाराचा_पाना
मग भिंतीजवळ. पण गाडी भिंतीला चिकटवू नकोस, दोन्ही बाजूंनी बाहेर पडता आलं पाहिजे.
आणि "बरोबर ठिकाणी" म्हणजे कुठे, हे अजून सांगितलेलं नाहीस.

उचापती
दाराखालच्या पट्टीला, पुढच्या चाकामागे, जिथे दोन खाचा आहेत. जॅकपण तिथेच.

गंजका_नट
जॅकही तिथे आणि स्टँडही तिथेच? मग जॅक काढल्याशिवाय स्टँड बसणार कुठे? शेजारी लावलास की खाचांच्या बाहेर?

उचापती
शेजारी. बोटभर अंतरावर.

बाराचा_पाना
त्या दोन खाचांमध्येच पट्टी आतून जाड केलेली असते. बाहेर ती दुमडते आणि दुमडली की स्टँड घसरतो. गाडीच्या पुस्तकात बघ, पुढे मध्यभागी क्रॉसमेंबरवर (गाडीखालच्या आडव्या तुळईवर) जॅक लावायची जागा दाखवलेली असेल तर तुझं काम सोपं. तिथून मधोमध उचल, दोन्ही बाजू एकदम वर येतील, दोन्ही स्टँड खाचांमध्ये लाव. टप्पे नाहीत, ओढाओढ नाही. पण पुस्तकात दाखवलेली नसेल तर अंदाजाने लावू नकोस. शेजारीच ऑइलचं चेंबर असतं, पत्र्याचं किंवा ॲल्युमिनियमचं, ते जॅकने दबतं नाहीतर तडकतं. मागच्या आडव्या बीमचंही तेच, काही कंपन्या चालतं म्हणतात, काही स्पष्ट नको म्हणतात.

वाटी आणि पट्टीच्या मध्ये खाच पाडलेला रबरी गुटका ठेव. पट्टी त्या खाचेत बसते, रंगही जात नाही.

सुमेधा_क
फळीवर जॅक घसरणार नाही का?

अनुजा_वि
जॅक सरकायलाच हवा आहे, फक्त त्याच्या चाकांवर. फळीवर तेल, माती नको एवढंच.

बाराचा_पाना
स्टँडवर गाडी बसली की लगेच आत शिरायचं नाही. जॅकचा वॉल्व्ह सावकाश सोडायचा, पाव वळण, गाडी अलगद टेकू दे. मग बाहेर उभं राहून बोनेटच्या कोपऱ्याला धरून दोन्हीकडे जोरात हलवायची. हलली, कुरकुरली, स्टँड सरकला तर परत खाली आणि पुन्हा पहिल्यापासून. ती पडायचीच असेल तर तू बाहेर असताना पडू दे. त्यानंतर जॅक परत त्याच्या बिंदूखाली नुसता टेकवून ठेवायचा, वजन न घेता. आणि स्टेपनी काढून दाराखालच्या पट्टीखाली आडवी सरकवायची. सगळं फसलं तरी गाडी टायरवर थांबते, छातीवर नाही.

जॅक एकट्याने कधीच नाही. आतल्या रबरी सीलला काय झालंय ते बाहेरून दिसत नाही, आणि ते गेलं की तेल परत टाकीत आणि गाडी खाली. जॅक उचलायला, स्टँड धरायला.

धोंडू_धक्के
एवढं सगळं वाचेपर्यंत माझी गाडी ब्लॉकवर चढून उतरली असती.

तेलकट
अजूनही म्हणतो, रॅम्प.

अनुजा_वि
आता तरी सांग, काम काय आहे?

उचापती
सायलेन्सरच्या पाइपवरचा पत्रा खडखडतोय. गाडी चालू केली की खळखळ, वेग घेतला की थांबते.

गंजका_नट
हीट शील्ड! बोल्टाभोवतीचा पत्रा गंज खातो आणि ते सैल होतं. नवा बोल्ट बसत नाही कारण धरायला पत्राच उरलेला नसतो. मोठी स्टीलची होज क्लिप (स्क्रूने आवळायची गोल पट्टी) घ्या, पाइप आणि पत्रा दोन्हींना मिळून गुंडाळा आणि आवळा. पत्रा काढून फेकू नका, तो गाडीच्या तळाला आणि खालच्या वायर-नळ्यांना उष्णतेपासून वाचवायला असतो. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात लावा. आणि चष्मा घाला, गंजाचा चुरा सरळ डोळ्यात येतो.

तेलकट
हे तर रॅम्पवर पाच मिनिटांचं काम होतं.

उचापती
झालं. भिंतीजवळ घेतली, क्रॉसमेंबरची जागा पुस्तकात होती, खाली प्लाय टाकला. जॅक फळीवर पुढे सरकताना स्पष्ट दिसला, जवळजवळ चार बोटं. दोन्ही स्टँड सरळ. हलवून पाहिली, ढिम्म. होज क्लिप लावली, खळखळ बंद. अनुजा, बाराचा पाना, धन्यवाद.

आता मागून वेगळाच आवाज येतोय, टक् टक्, खड्ड्यात गेली की. आधी खळखळीत ऐकू येत नव्हता बहुतेक. मागची बाजू उचलायची तर ठोकळे पुढच्या चाकांना ना?

गंजका_नट
हो, पुढच्या. दोन्हीकडून. हँडब्रेकच्या भरवशावर राहू नका. आणि उचलण्याआधी डिकी रिकामी करून चालवून बघा, निम्मे टकटक तिथलेच असतात.

निवांत
माझी इलेक्ट्रिक आहे, खाली पूर्ण बॅटरी. जॅक कुठे लावायचा?

बाराचा_पाना
पुस्तकात दिलेल्या चार बिंदूंवरच, बॅटरीच्या पत्र्याला कुठेच नाही. बाकीचं वेगळ्या धाग्यात विचार. आणि तू तर गॅरेजला नेणारा ना?