फौजेतून आलोय, रिझ्युमेचं काय करू? मदत हवी आहे

खटावचा_मेकॅनिक:

राम राम मंडळी. 18 वर्षं ईएमईत (फौजेच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये) काढून यंदा जानेवारीत पेन्शन घेऊन घरी आलो. ट्रेड व्हेईकल मेकॅनिक, रँक हवालदार, शिक्षण बारावी. वय 37, म्हणजे पारावर बसायचं वय नाही, पोरगी पुढच्या वर्षी दहावीला, आणि शेतीचं म्हणाल तर खटाव तालुक्यात पाऊस किती पडतो ते मी सांगायला नको. शिरवळ, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात मेंटेनन्सला नाहीतर ट्रान्सपोर्टवाल्याकडं फ्लीट सुपरवायझर म्हणून लागावं असं डोक्यात आहे. आत्तापर्यंत 40 ठिकाणी तरी रिझ्युमे टाकला असेल, फोन आले 5, त्यातले 4 सिक्युरिटी गार्डसाठी. गार्डचं काम हलकं म्हणत नाही, गावातली निम्मी पेन्शनर मंडळी तेच करतात, पण सगळं आयुष्य हातात पाना होता आणि आता गेटवर गाडी नंबर लिहीत बसायचं हे जिवावर येतं.

पाचवा फोन चाकणचा, तिथं इंटरव्ह्यूला गेलो. मॅडमनी कागद बघून विचारलं, सीएचएम म्हणजे काय? म्हटलं कंपनी हवालदार मेजर. म्हणाल्या, कुठल्या कंपनीत? म्हटलं मॅडम, कंपनी म्हणजे शे-सव्वाशे माणसं, त्यांची हजेरी, ड्युटी, शिस्त सगळं माझ्याकडं. मग म्हणाल्या, हवालदार म्हणजे आधी पोलिसात होता का. पुढं काय बोलणार! उठताना म्हणाल्या, तुम्हाला पेन्शन आहे ना, मग 18 हजारांत करायला काय हरकत आहे.

रिझ्युमे सायबर कॅफेवाल्यानं 300 रुपयांत करून दिलाय. वर ऑब्जेक्टिव्हच्या दोन ओळी (त्याच्याकडं तयारच होत्या), मग आर्मी नंबर, उंची, छाती, वडिलांचं नाव, मग युनिटच्या नंबरासकट सालवार पोस्टिंग, सिकंदराबादच्या ट्रेनिंगपासून लेह, जोधपूर सगळं, मग मेडलं, मग केलेले कोर्स, शेवटी हॉबी व्हॉलीबॉल. कोपऱ्यात युनिफॉर्ममधला फोटो. यात काय ठेवू, काय काढू?

शॉपफ्लोअर_चाकण:

दादा, मी मेंटेनन्सला आहे, माणसं निवडताना कागद माझ्याकडं येतात. खरं सांगू का, तुमच्यासारखे रिझ्युमे महिन्याला दोन-तीन येतात आणि मी वाचतो तरी, एचआरवाले तर अर्ध्या मिनिटात बाजूला ठेवतात, कारण कुठं होतात ते सगळं असतं पण काय केलंत ते एका ओळीतही नसतं. छाती फुगवून किती भरते त्याचं मी काय करू? एक काम करा, लेहला दिवसभर काय करायचात ते इथं लिहा, फौजी शब्द न वापरता, एखाद्या पाहुण्याला सांगताय असं.

खटावचा_मेकॅनिक:

बरं. थंडीत संध्याकाळी गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आत बुखारीजवळ (शेगडीजवळ) ठेवायच्या, नाहीतर सकाळी सेल्फ मारत नाही. पहाटे 4 ला उठून परत जोडायच्या, डिझेल घट्ट झालेलं असायचं ते गरम करून लाईन मोकळी करायची, 7 ला कॉन्व्हॉय निघायचा म्हणजे निघायचा. हाताखाली 10 पोरं. स्पेअर खालून यायला महिना जायचा, आणि बर्फात रस्ता बंद झाला की तेही नाही, म्हणून मी एक वही केली होती, कुठल्या गाडीची क्लच प्लेट, कुठला सेल्फ किती चाललाय, आता कधी जाईल, आणि रस्ता बंद व्हायच्या आधीच डिमांड टाकायची. आलो तेव्हा शंभरात 14 गाड्या ऑफ रोड म्हणजे बंद असायच्या, दीड वर्षात 5 वर आणल्या. पण ही तर रोजची ड्युटी झाली, यात लिहिण्यासारखं काय आहे?

शॉपफ्लोअर_चाकण:

अहो हेच तर लिहायचंय! आमच्याकडं याच कामाला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स आणि स्पेअर पार्ट प्लॅनिंग म्हणतात आणि त्यासाठी माणूस मिळत नाही. ती वही म्हणजे तुमचा रिझ्युमे आहे राव. असं लिहा: "10 मेकॅनिकच्या टीमचा सुपरवायझर. हेवी डिझेल वाहनांचा मेंटेनन्स, गोठणबिंदूखालच्या तापमानात. दीड वर्षात बंद वाहनांचं प्रमाण 14 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर." हे सगळ्यात वर. सीएचएमचं "120 लोकांच्या शिफ्ट आणि हजेरीचं नियोजन" करा. गाड्यांची नावं टाका, फौजेचा स्टॅलियन ट्रक म्हणजे अशोक लेलँड हे इथं सगळ्यांना कळतं. एक्सेल येत नसेल तर आधी शिका, तीच वही एक्सेलमध्ये करून बघा, इंटरव्ह्यूला दाखवता येईल. मेडलं खाली एका ओळीत, व्हॉलीबॉल राहू दे, आमच्याकडं टीम आहे 😀

माजी_सिग्नलमन:

जय हिंद हवालदार साहेब. मी सिग्नल्समधून आलो, आता बँकेत आहे. आधी एक गोष्ट, आर्मी नंबर आणि युनिटचे नंबर त्या कागदावरून आजच काढा. हा कागद जॉब साईटवर कुणाकुणाच्या हातात जातो ते कळत नाही. गाड्यांचा आकडा टक्क्यांत दिलात ते बरं केलंत, तसाच ठेवा, कुठं किती गाड्या हे लिहायचं नाही.

दुसरं, प्रायव्हेटच्या नादात सरकारी सोडू नका. राज्याच्या गट क आणि गट ड मध्ये माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे, केंद्रात गट क ला 10 आणि गट ड ला 20. साताऱ्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलंत का? एडब्ल्यूपीओलाही (माजी सैनिकांना नोकरी मिळवून देणारी फौजेची संस्था) नोंदवा, तिथून सुपरवायझरच्या जागा पण येतात, फक्त फॉर्ममध्ये सिक्युरिटीवर टिक करू नका, एकदा केली की तेच फोन येत राहतात. 15 वर्षांच्या वर सर्व्हिस आहे म्हणजे ग्रॅज्युएशनचं समकक्ष सर्टिफिकेट मिळालं असेल, ते सरकारी गट क साठी चालतं, पण प्रायव्हेटच्या रिझ्युमेत सरळ ग्रॅज्युएट लिहू नका, कॉलेज कुठलं विचारलं की पंचाईत होते. माझी झाली होती.

आणि पेन्शनचं. ती झालेल्या 18 वर्षांची आहे, त्यात नव्या मालकाचा काय संबंध? विचारलं तर हसून सांगायचं, साहेब या पोस्टला दुसऱ्याला जे देता तेच मला द्या. आणि आधी माहिती काढून आकडा आपण बोलायचा, मी गप्प बसलो आणि दोन वर्षं कमी पगारात काढली.

खटावचा_मेकॅनिक:

आभारी आहे दोघांचा. सैनिक कल्याणला नाव आहे, एडब्ल्यूपीओला सिक्युरिटीवर टिक मीच केली होती, आत्ता कळलं ते चार फोन कुठून आले.

काल रात्री पुतण्याला बसवून सगळं नव्यानं लिहिलं, 4 पानांचं दीड पान झालं. नंबर काढले, छाती काढली, वर त्या तीन ओळी टाकल्या. वही ट्रंकेत होती, डिझेलचा वास अजून आहे तिला. पुतण्या एक्सेलमध्ये भरतोय आणि मला रागावतोय की काका तुमचं अक्षर लागत नाही. फोटो बदलून साध्या शर्टातला लावला तर आई म्हणते आधीचाच चांगला होता.

शॉपफ्लोअरभाऊ, पीडीएफ व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलीय, सवडीनं बघा. आणि हवालदार हा शब्द ठेवू का काढू? पुतण्या म्हणतो नुसतं सुपरवायझर लिहा, माझा हात होत नाही.

शॉपफ्लोअर_चाकण:

ठेवा हो. "हवालदार, भारतीय सेना" आणि त्याच ओळीत पुढं "मेंटेनन्स टीम सुपरवायझर". पीडीएफ बघितली, दुसऱ्या ओळीत मेंटेनन्सचं स्पेलिंग चुकलंय तेवढं पुतण्याला सांगा.